थेरपीत पहिला नंबर काढायचा नसतो

टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट ३० सप्टेंबरपर्यंत चढवायचे असतात, हे सीएच्या घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी २९ तारखेच्या रात्री सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या ऑफिसात अकरा फायली बाकी होत्या. पोर्टलवरचं चक्र नुसतं फिरत होतं. पावणेअकराला माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, छाती आवळून आली, घाम फुटला. आर्टिकलशिप करणाऱ्या पोराला मी म्हटलं, "टॉवेलवाल्यांची फाईल आधी घे, मी जरा दवाखान्यात जाऊन येते." हार्ट अटॅक आलाय असं वाटत असताना मी फायलींचा क्रम लावून देत होते. माझ्या दुखण्याचं निदान त्या एका वाक्यात होतं, पण ते मला उमगायला पुढे चार महिने लागले.

ईसीजी स्वच्छ निघाला. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका," आणि पुढच्या खाटेकडे वळले.

हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. शाळेत पहिला नंबर, सीए पहिल्या अटेम्प्टला, घरातल्या सगळ्यांचे फॉर्म भरणारी, नात्यातल्या लग्नात हिशोबाची वही सांभाळणारी, आणि पहाटे साडेतीनला टक्क जागी. तुम्ही पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरातल्या घरून करणारे इंजिनिअर असाल, डॉक्टर असाल, कारखाना चालवत असाल. मी मानसोपचारातली तज्ज्ञ नाही. मी ऑनलाइन थेरपी घेतली, सुरुवातीला चुकीच्या पद्धतीने घेतली, तेवढं सांगते.

आधी शरीर

छातीत दुखलं तर "हे टेन्शनच असणार" असं घरी बसून ठरवू नका. आधी ईसीजी. मग आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड वाढलं तरी धडधडतं आणि झोप उडते, कमी झालं तर अंग जड पडतं. माझं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या, पहाटेची जाग मात्र राहिली. एका अशिलाने प्रेमाने "अर्धी घेऊन बघा मॅडम" म्हणत झोपेच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली होती. असली उसनी गोळी घेऊ नका, सवय लागते.

मग जीएडी-७ नावाची, चिंता मोजणारी प्रश्नावली भरा. सात प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त आले तर कुणाला तरी दाखवायला हवं, असा ढोबळ नियम. माझे सोळा आले. मी लगेच दुसऱ्यांदा भरली, "नीट" भरली, आणि अकरावर आणली. स्वतःच्याच आजाराच्या परीक्षेत गुण फिरवले! तुम्ही एकदाच भरा आणि तो आकडा तसाच ठेवा.

बर्नआउटचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. तिच्यात त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ काळचा ताण आवरता आला नाही की होणारी अवस्था, असं म्हटलंय. तिची तीन लक्षणं दिलीत. वाचताना मला वाटलं, यांना आपल्याकडे शब्द आधीपासून आहेत. पहिलं म्हणजे शिणवटा, जो रविवारी झोपूनही जात नाही. दुसरं म्हणजे उबग. फोनवर अशिलाचं नाव दिसलं की तोंड कडू व्हायचं, आणि ही तीच माणसं होती ज्यांनी दहा वर्षं माझ्यावर भरवसा टाकला. तिसरं म्हणजे आपल्याच्यानं आता काही होत नाही असं वाटणं. कामं होत असतात, पण ती आपण केली असं वाटत नाही. थेरपिस्टला सांगताना हे तीन शब्द फार उपयोगी पडले.

कुणाकडे जायचं

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारात एम.डी. वगैरे झालेले डॉक्टर. निदान करतात, गोळ्या देतात. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि नाव घालून ती वेबसाइटवर तपासता येते. समुपदेशक म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. वगैरे केलेले. यांत उत्तम माणसं आहेत, पण पाटी कुणीही लावू शकतो. तेव्हा शिक्षण कुठलं, किती वर्षं काम केलं, स्वतः कुणाच्या देखरेखीखाली आहात का, हे सरळ विचारा. अशिलाचा पॅन नंबर विचारताना आपण लाजतो का? "सात दिवसांत चिंतामुक्ती" म्हणणाऱ्याला आणि पहिल्याच फोनवर वीस सेशनचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

सोलापुरात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, सिव्हिललाही विभाग आहे, आणि समोरासमोर जाणं जमत असेल तर जरूर जा. मला जमेना. आमचं गाव म्हणजे वेटिंग रूममध्ये शेजारच्या खुर्चीवर अशील बसलेला असायचा आणि संध्याकाळपर्यंत सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत "मॅडमच्या डोक्याला काहीतरी झालंय म्हणे" पोचायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला आज पटतं. तेव्हा पटत नव्हतं. पटेपर्यंत थांबले असते तर अजून थांबूनच असते.

भाषेचं मात्र आधी बघा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये एका अॅपने मला दिलेल्या पहिल्या थेरपिस्ट बाई हुशार होत्या, पण इंग्रजी आणि थोडं हिंदी. दोन सेशन झाली. मी इंग्रजीत बोलायला लागले की ऑफिसातली मी बोलते. वाक्यं व्यवस्थित, मुद्दे क्रमाने, डोळे कोरडे. तीन हजार रुपये गेले आणि त्या बाईंना माझा एक सुबक ऑडिट रिपोर्ट मिळाला. डिसेंबरात दुसऱ्या शोधल्या, नाशिकच्या, मराठी. पहिल्याच सेशनला मी "जीव नुसता टांगणीला लागलेला असतो हो" एवढं म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं रडले. तुम्ही घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, सोलापुरात पुष्कळ घरं बोलतात, तर त्या भाषेतला माणूस शोधा. शिवी ज्या भाषेत येते त्या भाषेत थेरपी घ्यावी, असं माझं मत झालंय.

थेरपिस्ट बदलायला संकोच करू नका. दोन-तीन सेशनमध्ये सूर जुळला नाही तर तसं सांगून थांबा. त्यांना ते नवीन नसतं.

बसायचं कुठे

ऑनलाइन थेरपीतला सगळ्यात अवघड भाग मनाचा नाही, खोलीचा आहे. आमचं घर एकत्र. बेडरूमचं दार लावलं की सासूबाई दोन मिनिटांत "बरं वाटत नाही का गं?" म्हणून ठोठावणार. पहिलं सेशन मी घरी रात्री नऊला ठेवलं. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्याची वेळ महापालिकेलाच ठाऊक. नेमकं तेव्हाच आलं. मी लहानपणीच्या वडिलांच्या धाकाबद्दल बोलतेय आणि बाहेरून हाका, "मोटार लाव, मोटार लाव!"

मग गाडी. विजापूर रोडवर कंबर तलावाशी सकाळी सव्वासातला गाडी लावायची, फोन डॅशबोर्डवर, काचा वर. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे भीती नाही. महिनाभर छान चाललं. एका शनिवारी डोळे पुसत असताना काचेवर टकटक. चादरीचा कारखाना असलेले एक शेठ, पायांत स्पोर्ट शूज. "मॅडम, जीएसटीची नोटीस आलीय, बघितली का?" माझ्या नाशिकच्या बाईंनी पडद्यावरून हे ऐकलं आणि पुढचा पाऊण तास आम्ही त्याच विषयावर बोललो, कारण मी काच खाली करून त्यांना उत्तर दिलं होतं.

शेवटी ऑफिसची रेकॉर्ड रूम सापडली. गुरुवारी सकाळी आठ, स्टाफ दहाला येतो. चहूबाजूंनी लाल कापडात बांधलेली दप्तरं, आवाज बाहेर जात नाही. तुमच्याकडे अशी जागा कुठली, ते आधी हेरून ठेवा: मैत्रिणीची रिकामी खोली, क्लासची सकाळची वेळ, गच्ची. गाडी चालेल, पण मार्चनंतर सोलापुरात आठ वाजले की गाडीची भट्टी होते.

बाकी तयारी साधी. वायरचा इअरफोन घ्या, ब्लूटूथवाला कधीकधी घरातल्या टीव्हीला जाऊन चिकटतो. फोन स्टँडला लावा, हातात धरलेला फोन थरथरतो आणि आपलं लक्ष त्यातच राहतं. ब्रॉडबँडवर असाल तर मोबाइल डेटा राखीव ठेवा, वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॉक स्क्रीनवर दिसणारे मेसेज बंद करा, नाहीतर "तुमचं थेरपी सेशन १५ मिनिटांत" हे मुलगा मोठ्याने वाचतो. जॉइंट खात्यातून पैसे भरले तर नाव पासबुकात उमटतं, हेही लक्षात असू द्या. कंपनी फुकट समुपदेशन देत असेल तर नावं एचआरला कळतात का, हे लेखी विचारा.

आणि सेशननंतर वीस मिनिटं मोकळी ठेवा. मी पहिल्यांदा सेशन संपल्या संपल्या अशिलाला फोन लावला आणि त्याच्यावर कारण नसताना डाफरले.

पहिल्या सेशनला काय होतं

साधारण पन्नास मिनिटं. झोप, भूक, घर, काम, आधीचे आजार, दारू-तंबाखू असं विचारतात. जीव द्यावा असे विचार येतात का, हेही सरळ विचारतात. दचकू नका, ते सगळ्यांनाच विचारतात, आणि येत असतील तर खरं सांगा. तुम्ही कुठल्या गावात आहात आणि वेळ पडल्यास कुणाला फोन करायचा, हे नोंदवून घेतात. तुमचं बोलणं गुप्त राहतं, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल तर नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचारा.

मी पहिल्या सेशनला मुद्दे टाइप करून नेले होते. शेवटी विचारलं, "माझी केस सरासरीपेक्षा किती गंभीर आहे?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथेही रँक हवा का?"

गृहपाठ

माझ्या बाईंनी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी वापरली, आणि तिच्या जोडीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, जी १९५५च्या सुमाराची आहे. ढोबळ मानाने सांगायचं तर घटना आपल्याला थेट हलवत नाही, मध्ये आपला विचार असतो. तो पकडायचा, कागदावर मांडायचा, त्याला पुरावा मागायचा. माझं एक उदाहरण. घटना: रात्री ९:४०ला अशिलाचा मिस्ड कॉल. विचार: रिटर्न चुकलं, दंड बसणार, गावभर होणार, सगळे अशील जाणार. पुरावा: चौदा वर्षांत चुकून दंड बसला दोनदा, दोन्ही अशील अजून माझ्याकडेच आहेत. कॉल कशासाठी होता? मुलाच्या मुंजीचं आमंत्रण.

मी या तक्त्याची एक्सेल शीट केली. रंग दिले, पिव्होट टेबल काढलं, आठवड्याला एकवीस नोंदी. बाईंनी ती उघडली, बघितली आणि पुढच्या आठवड्याचा गृहपाठ दिला: फक्त तीन नोंदी, वहीत, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि एक मुद्दाम अर्धवट सोडायची. ती अर्धवट नोंद मला रात्री दोनदा उठवून गेली. सगळ्या थेरपीत मला सर्वांत जड गेलेला गृहपाठ हाच. तुम्ही माझ्यासारखे असाल तर थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगून टाका, "मी तुमची आवडती पेशंट व्हायचा प्रयत्न करणार आहे, मला पकडा."

दुसरा गृहपाठ "च"चा. आपल्या भाषेत हा हट्ट एका अक्षरात बसतो. आजच झालं पाहिजे. मीच बघायला हवं. चुकताच कामा नये. दिवसभरातले आपले "च" एका कागदावर लिहायचे आणि एकेक खोडून वाक्य पुन्हा वाचायचं. आज झालं पाहिजे. मी बघायला हवं. वाक्य मोडत नाही, नुसतं सैल होतं. माझी बारीकशी हरकत होती: २० तारखेचं जीएसटी रिटर्न वीसलाच भरावं लागतं, तो "च" सरकारचा आहे. बाई म्हणाल्या, बरोबर, मग सरकारचे वेगळे काढा. काढले. एका दिवसाच्या सतरा "च"पैकी सरकारचे तीन निघाले.

तिसरा, चिंतेची वेळ. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात एवढ्यातच काळजी करायची, लिहून. बाकी वेळी आली तर "साडेसहाला ये" म्हणायचं. पहिला आठवडा हास्यास्पद वाटतं.

जानेवारीत विचारलं गेलं, कामाशिवाय शेवटचं काही मजेत कधी केलं? आठवेना. सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्यावर, पाच वर्षांत गेले नव्हते, आणि ती भरते ते होम मैदान ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. गृहपाठ: जाऊन यायचं. मी मुलांसोबत गेले, आधी काय बघायचं याची यादी करून गेले, आणि पाळण्यापाशी ती यादी गर्दीत पडली. नंदीध्वज बघितले, भेळ खाल्ली, घरी येऊन त्या रात्री सहा तास झोपले. यालाही त्यांच्याकडे नाव आहे, मूड येण्याची वाट न बघता आधी कृती करणं. रोज होईल असं नाही.

आता कटू भाग. बर्नआउट कामातून येतो, तर नुसते श्वास मोजून तो जात नाही. चौऱ्याऐंशी फायली एका बाईने उरकायच्या असतील तर जगातला कुठलाही थेरपिस्ट त्या कमी करू शकत नाही. ते मी केलं. फेब्रुवारीत बावीस लहान फायली एका होतकरू ज्युनिअरला दिल्या, उरलेल्यांची फी वाढवली, रात्री आठनंतर फोन बंद. चार अशील रागावले, एक गेला. तो टॉवेलवाला शेठ, ज्याच्यासाठी मी त्या रात्री हार्ट अटॅक थांबवून ठेवला होता, तो म्हणाला, "हे लई आधीच करायचं होतं की मॅडम." तुम्ही नोकरीत असाल तर इतकं हातात नसेल, पण कुठलं एक काम खाली ठेवता येईल याचा विषय सेशनमध्ये नक्की काढा.

खर्च

माझ्या थेरपिस्टची फी १,२०० रुपये. डिसेंबर ते जून चौदा सेशन, म्हणजे १६,८००. अधिक पहिले ते तीन हजार. त्या एका रात्रीचं हॉस्पिटलचं बिल याच्या आसपास होतं. पैशांची अडचण असेल तर सवलतीची फी आहे का विचारा, बरेच जण ठेवतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण थेरपी ही ओपीडीत मोडते, तेव्हा पॉलिसीत ओपीडी आहे का बघा. आणि ही फी आरोग्यखर्चाच्या आयकर वजावटीत बसेल का, असं मला फोन करून विचारू नका. तुमच्या-माझ्या वयाला बसत नाही.

ऑनलाइन कधी नको

जीव द्यायचा विचार नुसता येत नसून कसा, कधी हेही ठरायला लागलं असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, व्यसन हाताबाहेर गेलं असेल, किंवा घरात मारहाण होत असून फोनवर बोलणंच धोक्याचं असेल, तर व्हिडिओ कॉलच्या भरवशावर राहू नका. प्रत्यक्ष दवाखाना गाठा, कुणाला तरी सोबत घ्या. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ती २०२२च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली. त्यांना फोन करायला आजार सिद्ध करावा लागत नाही. जीव धोक्यात असेल तर ११२. गोळ्या लागतील असं थेरपिस्टने सुचवलं तर सायकिअॅट्रिस्टला दाखवा. तेही व्हिडिओवर तपासू शकतात, पण सवय लागू शकणाऱ्या काही गोळ्यांवर बंधनं आहेत, आणि ती असावीत.

थांबायचं कधी

जूनमध्ये जीएडी-७ पुन्हा भरली, एकदाच. सात आले. माझ्या तोंडून निघालं, "पाच करता येतील का?" मग आम्ही दोघी हसलो. आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याने असं हळूहळू कमी केलं. अचानक बंद करू नका, "आता बरी आहे" म्हणून मेसेज टाकून गायब तर मुळीच नको. निरोपाचं एक सेशन घ्या, त्यात पुन्हा घसरण झाली तर पहिली खूण कुठली असेल, हे लिहून घ्या. माझी खूण बाईंनी नाही, नवऱ्याने सांगितली: मी जेवताना उभी राहायला लागते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं एक सेशन आत्ताच लावून ठेवलंय, गुरुवार, सकाळी आठ. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये त्याच्यासमोर अजूनही "गाडी सर्व्हिसिंग" लिहिलेलं आहे, कारण ते कॅलेंडर सगळ्या स्टाफला दिसतं.